कडक पेला, कडक कायदा

दारूचा विषय निघाला की आपल्याकडे बहुधा दोन प्रकारची माणसे बोलतात. एक कीर्तनकार आणि दुसरा शौकीन. कीर्तनकार साऱ्या पापाचे गाठोडे पिणाऱ्याच्या डोक्यावर ठेवतो. शौकीन पेल्याचा रंग, वास आणि वय यांतच रमतो. कामगार चळवळीत तीस वर्षे काढलेल्या आमच्यासारख्या माणसाला या दोघांचेही बोलणे अपुरे वाटते. पगाराच्या संध्याकाळी कारखान्याच्या दारात उभे राहून ज्याने घरी जाणारी आणि घरी न जाणारी माणसे मोजली आहेत, त्याला तिसराच प्रश्न पडतो. पेल्यातल्या पेयाचा जोर किती असावा, हे ठरवतो कोण? पिणारा, विकणारा, की कायदा करणारा?

या प्रश्नासाठी आज आम्ही आपणांस दोन गावची हकीकत सांगणार आहोत. एक बेल्जियम देश आणि दुसरे आपले सोलापूर. बेल्जियम म्हणजे काही मोठा मुलूख नव्हे. आपल्यासारखे दोन सोलापूर जिल्हे शेजारी शेजारी मांडले की साधारण तेवढा देश होतो. परंतु तेथल्या काळ्या कडक बिअरची आणि आपल्या शिंदीची कथा शेजारी ठेवून वाचली, तर एकीने दुसरीवर बराच प्रकाश पडतो.

प्रथम त्या बिअरविषयी. बेल्जियमच्या पद्धतीची काळी कडक बिअर आता आपल्याकडेही मोठ्या शहरांतून मिळते. काही वर्षांपूर्वी युनियनच्या कामासाठी पुण्यास गेलो असता एका तरुण सहकाऱ्याने ती आमच्यापुढे ठेवली. पेला रुंद तोंडाचा, कमळासारखा. पेय दाट तपकिरी; दिव्यासमोर धरले तर काठाशी तांबूस झाक दिसावी, आणि वर सायीसारखा जाड फेस. बर्फासारखे थंड करून ते पीत नाहीत. माठातल्या पाण्यापेक्षा थोडे गार, एवढेच. पहिल्या घोटात मनुका आणि खजूर यांची आठवण होते. मग काकवीचा गोडवा येतो, त्यामागून लवंगेसारखा किंचित तिखटपणा, आणि अखेरीस तव्यावर जरा अधिक राहिलेल्या भाकरीच्या पापुद्र्याची कडवट चव जिभेवर रेंगाळते. मनुका, खजूर, लवंग यांपैकी एकही पदार्थ त्यात घातलेला नसतो, हे ऐकून आम्हांस नवल वाटले. दारूची म्हणून जी आग असते ती घशात लागत नाही. दहा मिनिटांनी कानांच्या पाळ्या गरम होतात तेव्हा कळते. अर्धा पेला झाल्यावर आम्ही थांबलो. पेय वाईट होते म्हणून नव्हे. इतके मऊ बोलणारे पेय इतके कडक कसे, हा विचार मनात शिरला म्हणून.

हे पेय बनते ते असे. जवाला मोड आणून वाळवतात आणि काही दाणे चांगले भाजून काळे करतात. त्याचा काढा करून त्यात हॉप नावाच्या वेलीची फुले उकळतात, कडवटपणा त्यांचा. मग साखरेचा काळा पाक घालतात. आपल्या गुऱ्हाळात काकवी जशी आच लागून काळवंडते, तसाच तो पाक. त्याने रंग येतो, आणि विशेष म्हणजे पेयाला जडपणा न येता जोर येतो. कारण साखर यीस्ट पूर्णपणे खाऊन टाकते आणि तिचे मद्य होते. मनुका-लवंगेचे वास येतात ते बरेचसे या यीस्टच्या करणीने. शेवटी बाटली भरताना पुन्हा थोडी साखर आणि यीस्ट घालतात, म्हणजे बाटलीतही आंबण्याची क्रिया चालू राहते. अशा पेयात मद्याचे प्रमाण शेकडा आठ ते अकरा पडते. आपली ताजी ताडी शेकडा चार-पाचच्या घरात असते, हे तुलनेसाठी ध्यानात ठेवावे.

या प्रकारात ज्यांचे नाव मोठे आहे ते ट्रॅपिस्ट पंथाचे साधू. वेस्टमॅल येथील मठात १८५६ पासून तपकिरी बिअर होते. शिमे येथील मठाने १८६२ साली बिअर काढली, आणि १९४८ साली नाताळासाठी म्हणून शेकडा नऊ जोराची काळी बिअर केली; ती आज जगभर जाते. रॉशफोरच्या मठाची सर्वांत कडक बिअर तर शेकडा अकराच्याही वर आहे. मठाच्या आवारात, साधूंच्या देखरेखीखाली काम चालावे आणि खर्च वजा जाता उरलेला पैसा धर्मादायाकडे जावा, असा त्यांचा दंडक आहे. पण आम्हांस त्याहून महत्त्वाची वाटली ती दुसरी गोष्ट. हे साधू स्वतःच्या जेवणाबरोबर कडक बिअर रोज घेत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी सौम्य बिअर काढतात. वेस्टमॅलची अशी बिअर शेकडा पाचच्या आत असते. कडक माल बाजारासाठी, सौम्य माल घरासाठी! हिशेब कळणाऱ्या माणसाने आपल्यापुरता कोणता जोर निवडला, हे यावरून दिसते.

मग बाजाराला कडक माल का हवा झाला? येथे मठ सोडून खाणीत उतरावे लागते. एकोणिसाव्या शतकात बेल्जियम हा कोळशाचा, लोखंडाचा आणि कापडाचा देश होता. बायका आणि पोरेसुद्धा खाणीत राबत. कामाला तास नव्हते आणि मजुराचे पेय होते जिनच्या जातीची धान्याची दारू, आपल्याकडच्या देशी दारूच्या जवळपास कडक. मुकादम किंवा त्याचा नातेवाईक गुत्ता चालवी आणि मजुरी त्याच गुत्त्यात वाटली जाई. पगार हाती पडण्याआधीच अर्धा गल्ल्यात परत गेलेला. १८८६ साली तेथे मजुरांचे मोठे उठाव झाले, गोळीबार झाले. आणि १८८७ साली गुत्त्यात मजुरी वाटण्यास बंदी करणारा कायदा आला. आपल्याकडे मजुरी रोख चलनात आणि मुदतीत दिली पाहिजे असा कायदा १९३६ साली झाला. या कायद्याचे मोल ज्याला कळत नाही, त्याने एकदा उचल घेतलेल्या कामगाराचा पगार कोणाच्या हातात पडतो ते पाहावे.

या चळवळीतून पुढे आलेले पुढारी म्हणजे एमिल व्हॅन्डरव्हेल्ड. बेल्जियन मजूर पक्षाचे ते नेते. पहिले महायुद्ध संपल्यावर ते न्यायमंत्री झाले आणि १९१९ साली त्यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. जिन आणि तत्सम कडक दारू कोणत्याही सार्वजनिक पेयगृहात देण्यास बंदी. दुकानातून घरी न्यायची तर दोन लिटरांच्या खाली विकायची नाही. यातली मेख आपण ओळखली असेल. दोन लिटर दारूचे पैसे एकदम मोजणे मजुराला परवडणारे नव्हते. श्रीमंताच्या कपाटाला मात्र धक्का लागला नाही.

परिणाम दुहेरी झाला. जिनचा खप खरोखरच घसरला. अनेक घरांत त्यामुळे भाकरी टिकली असेल, आणि ते श्रेय त्या मजूर पुढाऱ्यास दिलेच पाहिजे. परंतु दमलेल्या माणसाला पेयगृहात आता बिअरच मिळणार, हे बिअरवाल्यांनी ताबडतोब ओळखले. जिनची जागा भरून काढणाऱ्या कडक बिअरी बाजारात पुढे आल्या. त्या काळातल्या एका गडद, जोरदार बिअरला १९२३ साली 'दुव्हेल' म्हणजे सैतान असे नाव पडले, ते चव घेणाऱ्याच्या उद्गारावरून पडले असे सांगतात. इंग्लंड-स्कॉटलंडच्या कडक बिअरींशी चढाओढ होती, हेही एक कारण. तरी आज जगातले शौकीन ज्या कडकपणाची तारीफ करतात, त्याला मजूर पुढाऱ्याच्या दारूबंदीचा हात लागलेला आहे, असे बेल्जियमचे जाणकारच सांगतात. हा कायदा १९८३ च्या अखेरीस रद्द झाला. बिअर मात्र कडक राहिली ती राहिलीच.

व्हॅन्डरव्हेल्ड मंत्रिमंडळात असतानाच, १९२१ साली, तेथे आठ तासांच्या दिवसाचा कायदा झाला आणि संपावर अंकुश ठेवणारे दंडविधानातले जुने कलम रद्द झाले. दारूच्या कायद्याबरोबर तास आणि संपाचा हक्क हेही मजुराच्या पदरात पडले. ही जोडी आपण लक्षात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता आपल्या गावी येऊ. सोलापूरच्या ओढ्या-नाल्यांच्या काठाने शिंदीची झाडे पूर्वी दाट होती. शेंड्याखाली खाच पाडून मडके बांधायचे. रात्रभर रस ठिबकतो. पहाटे तो गोड असतो, तीच नीरा. ऊन चढू लागले की हवेतले यीस्ट आपले काम करते आणि दुपारपर्यंत तिची ताडी होते. दुसऱ्या दिवशी ती आंबट होऊन उतरते. म्हणजे हे पेय साठवता येत नाही, लांब नेता येत नाही आणि फार कडक होऊच शकत नाही. पूर्वभागातल्या तेलंगणातून आलेल्या विणकरांच्या घरी तिला 'कल्लू' म्हणत आणि हातमागावर दिवसभर बसलेला माणूस संध्याकाळी तिचा लोटा घेई. ती निर्दोष होती असे आम्ही म्हणत नाही. पण तिचा जोर झाडाने आणि उन्हाने ठरवलेला होता.

त्यात इंग्रज सरकारचा हात पडला. मुंबई इलाख्याचा १८७८ चा अबकारी कायदा हा आपल्या इतिहासातला फार मोठा कायदा आहे; शाळेच्या पुस्तकात त्याला जागा नाही. गावोगावच्या छोट्या भट्ट्या बंद करून मोठ्या भट्टीतून दारू गाळायची आणि मक्तेदाराकरवी विकायची, तसेच ताडीच्या झाडावर कर बसवायचा, असा त्याचा रोख होता. परवान्याशिवाय झाडाला खाच पाडणे हा गुन्हा झाला. घरच्या वापराचे सौम्य पेय महाग झाले आणि साठवता येणारी, लांब नेता येणारी, कर चटकन मोजता येणारी गाळीव दारू सरकारला सोयीची ठरली. सरकारला दारुडे हवे होते असे नव्हे. सरकारला मोजता येणारी दारू हवी होती. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० साली शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध उभे राहिले, आणि १९०८ साली टिळकांच्या अनुयायांनी पुण्यात दुकानांपुढे निरोधन केले, ते या पार्श्वभूमीवर. पुढे १९१९ च्या सुधारणांनी शिक्षण आणि अबकारी ही दोन्ही खाती हिंदी मंत्र्यांच्या स्वाधीन केली. शाळा काढायची तर पैसा हवा, आणि पैसा येणार गुत्त्यातून! जमीनमहसुलाच्या खालोखाल इलाख्याला उत्पन्न होते ते अबकारीचे.

हे ध्यानात घेतले म्हणजे १९३० च्या मे महिन्याचा अर्थ नीट लागतो. त्या वर्षाच्या जानेवारीत गांधीजींनी सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत पहिली मागणी संपूर्ण दारूबंदीची होती. त्यांच्या अटकेची वार्ता ५ मे रोजी पसरली आणि सोलापुरात हरताळ पडला. गिरणीकामगार रस्त्यावर आला. ८ मे रोजी रूपाभवानीच्या परिसरात लोकांनी शिंदीची झाडे तोडली. पोलिसांनी धरपकड केली, जमाव अडला आणि गोळीबार झाला. तरुण शंकर शिवदारे हे त्या दिवशीचे पहिले हुतात्मे. मग संताप आवरला नाही. ताडीची दुकाने, पोलिस चौकी आणि न्यायालयाची इमारत जळाली; दोन पोलिसही प्राणास मुकले. पुढचे तीन दिवस शहरात सरकारचा अंमल नव्हता आणि काँग्रेसचे स्वयंसेवक रहदारी सांभाळत होते. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला, तो ३० जूनपर्यंत टिकला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकृष्ण सारडा या चौघांना फाशी झाली. चार हुतात्मा पुतळ्यांपाशी आपण रोज ये-जा करतो. पण या सगळ्याला तोंड फुटले ते एका शिंदीच्या बनात, हे किती जणांना आठवते?

ती कुऱ्हाड कशावर पडली? ताडीवर, असे वरवर दिसते. आमच्या मते ती तिजोरीवर पडली. ज्या झाडावर सरकारचा कर, ते झाड म्हणजे सरकारचे पेरलेले नाणे होते. मिठावरचा कर आणि शिंदीवरचा कर ही एकाच हाताची दोन बोटे. सोलापूरच्या कामगाराजवळ समुद्र नव्हता, शिंदी होती. तथापि इतिहासाचा हिशेब पुरा मांडायचा तर आणखी एक रकाना भरला पाहिजे. त्या झाडावर चढून ज्याचे पोट भरत होते, त्याच्यापुढे दुसऱ्या दिवशी काय वाढून ठेवले होते? चळवळीच्या धामधुमीत हा प्रश्न मागे राहिला. पुढच्या सरकारांनीही तो तसाच मागे ठेवला.

स्वराज्य आले. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला, आणि १९५० पासून संपूर्ण इलाख्यात दारूबंदी आली. हेतू शुद्ध होता. पण कायद्याने पेय बंद केले. बारा तासांचा थकवा, एका खोलीत आठ माणसे आणि मुकादमाची उचल यांतले काही बंद केले नाही. तेव्हा हातभट्टी आली. लपवायचे पेय कमी जागेत अधिक जोराचे असावे लागते. बेल्जियममध्ये बिअर कडक झाली, आपल्याकडे फुगा आणि ट्यूब भरून विष आले. साठच्या दशकात बंदी सैल झाली. तो १९४९ चा कायदा आजही पुस्तकात आहे. आजही पिणाऱ्याने परवाना बाळगावा असे तो सांगतो. आणि त्याच राज्यात उसाच्या मळीपासून गाळलेली देशी दारू सरकारी परवान्याने विकली जाते, जिचा जोर ताडीच्या आठ-दहा पट आहे. २०१५ साली मुंबईच्या मालवणी वस्तीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. मरणारे मजूर होते, हे सांगावयास नकोच.

बिअरच्या दुकानातही हीच रीत. आपल्या देशात खपणाऱ्या बिअरीत निम्म्याहून कितीतरी अधिक 'स्ट्राँग' असते. यंत्रमागावरच्या पोराला त्याचे कारण विचारा, तो हिशेबाने सांगेल: "एवढ्याच पैशात लवकर चढते." मठातला साधू एक पेला तासभर पुरवतो, कारण त्याच्याजवळ तास आहे. आमच्या पोराजवळ दोन पाळ्यांच्या मधली अर्धी घटका आहे. एकाच शब्दाने दोघांची पेये ओळखली जातात, 'कडक'. पण एकाचा कडकपणा फुरसतीचा आणि दुसऱ्याचा घाईचा.

विडी कामगार भगिनींच्या एका बैठकीत दुकान बंद करण्याचा ठराव चालला होता. मतदानाने दुकान हटवण्याचा, म्हणजे आपण ज्याला 'आडवी बाटली' म्हणतो तो मार्ग आम्ही समजावून सांगत होतो. मागे बसलेल्या एका वृद्ध बाईने विचारले, "अण्णा, बाटली आडवी करू. पण दुकान गेल्यावर माझा पोरगा तांड्यावर गेला तर?" ठराव पास झाला, आणि तो व्हायलाच हवा होता, नवऱ्याच्या पगाराची वाट पाहणाऱ्या बायकांचा हा हक्क आम्ही कधीही नाकारणार नाही. पण बाईच्या प्रश्नाला ठरावात उत्तर नव्हते.

त्या उत्तराची एक सुरुवात आपल्याच जिल्ह्यात झाली. हातभट्टीसाठी बदनाम झालेल्या मुळेगाव तांड्यासारख्या वस्त्यांत सोलापूर ग्रामीण पोलिसांनी २०२१ साली तेजस्वी सातपुते अधीक्षक असताना 'ऑपरेशन परिवर्तन' हाती घेतले. नुसत्या धाडी टाकून रसायन ओतून देण्यावर न थांबता, भट्टी लावणाऱ्या घरांना शिवणकाम आणि अन्य धंद्यांची वाट दाखवण्याचा तो प्रयत्न होता. १९३० साली शिंदीच्या झाडाखाली जो रकाना कोरा राहिला होता, तो भरण्याचा हा प्रयत्न म्हणून आम्ही त्याकडे पाहतो. अशी कामे एका अधिकाऱ्याच्या कारकिर्दीवर अवलंबून राहता कामा नयेत, एवढेच आमचे म्हणणे.

तेव्हा श्रोतेहो, आमच्या मते निष्कर्ष असा. पेयाचा जोर झाड ठरवते, कारखाना ठरवतो, कर ठरवतो आणि कायदा ठरवतो. पिणाऱ्याची पाळी यायला बराच उशीर असतो. नुसत्या पेल्यावर चालवलेला कायदा पेला बदलतो, तहान बदलत नाही. बेल्जियमच्या मजूर पुढाऱ्याचा दारूचा कायदा कधीच गेला. त्याच्या जोडीने आलेला आठ तासांचा दिवस आणि संपाचा हक्क मात्र राहिले, आणि मजुराच्या घरात अधिक उजेड त्यांनीच पाडला. आपल्या सोलापुरात यंत्रमागावर आजही बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. पुढच्या वेळी दुकानापुढे मोर्चा न्याल तेव्हा अवश्य न्या, आम्हीही येऊ. पण त्याच मोर्चाच्या फलकावर दुसरी मागणी लिहायला विसरू नका: आठ तासांची पाळी, आणि पूर्ण पगार कामगाराच्या स्वतःच्या हातात.